स्मरणचित्राचा पेपर, पुन्हा एकदा!

कल्पनाशक्ती फक्त जाहिरातवाल्यांना आणि नाटकवाल्यांनाच लागते, असं कुणी सांगितलं? एक्सेल शीटच्या पलीकडचं डोकं जागं ठेवायला रोजची २० मिनिटं पुरतात. करून बघितलंय, म्हणून सांगते...

शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसला होतात? मग हे सगळं आठवत असेल. दप्तरापेक्षा मोठा ड्रॉइंग बोर्ड, कॅमलची रंगपेटी, पाण्यासाठी घरून आणलेला डबा आणि शेजारच्याच्या कागदावर हळूच जाणारी नजर! कला संचालनालयाच्या या परीक्षांना महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्या बसल्या. स्थिरचित्र, संकल्पचित्र, भूमिती-अक्षरलेखन आणि... स्मरणचित्र.

हा स्मरणचित्राचा पेपर म्हणजे एकदम भन्नाट प्रकार. समोर किटली नाही, फुलदाणी नाही. नुसता विषय. ‘भाजीबाजार’, ‘रेल्वे स्टेशन’, ‘पावसाळ्यातला एक दिवस’ असं काहीतरी. बाकी सगळं तुमच्या डोक्यातून यायला हवं. भाजीवाली कशी बसते, तराजू कुठल्या हातात धरते, छत्री उलटी झाली की माणूस कसा वाकतो... नीट पाहिलेलं असेल तर ते कागदावर उतरणार. नसेल तर मनानं रचायचं. बघणं, आठवणं आणि कल्पना करणं, या तिन्हीची परीक्षा एकाच कागदावर!

आता एक छोटीशी टेस्ट घेऊ या? मोबाइल बाजूला ठेवा आणि सांगा, काल ऑफिसात तुमच्या शेजारी बसणाऱ्यानं कुठल्या रंगाचा शर्ट घातला होता? तुमच्या बिल्डिंगच्या जिन्याला पायऱ्या किती? गेल्या मंगळवारी तुम्ही संध्याकाळी काय केलंत? नाही ना आठवत? टेन्शन घेऊ नका, तुम्ही एकटे नाही आहात. आपल्यातल्या बहुतेकांचे दिवस हल्ली असेच एकावर एक रचून ठेवलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांसारखे झालेत. सगळे सारखे, एकमेकांत अडकलेले.

रविवारचे सात वाजले की...

माझंच सांगते. मी ३१ वर्षांची. ठाण्याहून फास्ट लोकलनं कुर्ला, तिथून शेअर रिक्षानं बीकेसी. एका विमा कंपनीत क्लेम्सचा डेटा चाळायचा, त्याचे डॅशबोर्ड बनवायचे, दर सोमवारी ते सगळ्यांसमोर मांडायचे. पगार चांगला, टीम चांगली, कॅण्टीनचा इडली-सांबारसुद्धा चांगला. तक्रार करायला तशी जागाच नाही.

पण रविवारी संध्याकाळी सात वाजले की छातीत धडधड सुरू व्हायची. आधी वाटलं अॅसिडिटी. मग वाटलं हार्टचं काहीतरी असेल. रात्री तीनला जाग यायची आणि सोमवारच्या स्लाइड्स छतावर दिसायला लागायच्या. शेवटी आईनं हात धरून आमच्या नेहमीच्या डॉक्टरकाकांकडे नेलं. बीपी, ईसीजी, रक्त, थायरॉइड... सगळं तपासून झालं.

काका म्हणाले, ‘‘अगं, रिपोर्ट सगळे छान आहेत. मला सांग, काम सोडून दिवसभरात काय करतेस?’’

‘‘झोपते.’’

‘‘ते धरू नकोस.’’

‘‘मोबाइल बघते.’’

‘‘तेही नको.’’

मग मी गप्पच बसले. काका चष्मा पुसत म्हणाले, ‘‘लहानपणी तापानं फणफणून आली होतीस, तेव्हासुद्धा माझ्या लेटरहेडवर मागच्या बाजूला चित्र काढलं होतंस. कंपाउंडरचं. बरोब्बर जमलं होतं, पोटासकट!’’

त्यांनी औषध दिलं नाही. दोन आठवड्यांनी परत यायला सांगितलं आणि झोप सुधारली नाही तर समुपदेशकाकडे पाठवीन, असं बजावलं. मी घरी येताना कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातून बिनरेघांची एक वही घेतली. आणि त्या रात्री स्वतःच स्वतःचा पेपर काढला. नियम तीन. रोज रात्री नऊ ते नऊ वीस. आज पाहिलेली एक गोष्ट. आणि फोटो न बघता, फक्त आठवणीतून!

पहिला विषय, गेटवरचे वॉचमनकाका. चार वर्षं मी दिवसातून दोनदा त्यांच्यासमोरून जाते. पेन हातात घेतलं आणि लक्षात आलं, त्यांना मिशी आहे की नाही हेच मला ठाऊक नाही! टोपी काढली, काठी काढली, चेहऱ्याच्या जागी पांढरा गोल. दुसऱ्या दिवशी सकाळी नीट बघितलं. मिशी आहे, चांगली जाड. शिवाय खुर्चीच्या हाताला रबरबॅण्डनं बांधलेला छोटा रेडिओ आहे आणि खुर्चीचा एक पाय विटेवर टेकवलाय. त्या रात्रीचं चित्र पहिल्यापेक्षा दुप्पट भरलेलं होतं. माझा हात रातोरात सुधारला नव्हता. फरक पडला होता तो बघण्यात.

रिकामं डोकं खरंच रिकामं असतं?

या प्रकारानं बरं का वाटतं, याची उत्सुकता लागली, म्हणून वाचायला घेतलं. आणि एकेक मजेशीर गोष्टी सापडत गेल्या.

आपला मेंदू वजनानं शरीराच्या जेमतेम २ टक्के. पण शरीराच्या ऊर्जेतली साधारण २० टक्के ऊर्जा एकटा खातो. बरं, आपण काहीच करत नसतो तेव्हाही त्याचा खर्च फारसा कमी होत नाही! २००१ साली अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीतले मार्कस राइकल आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवलं, की हातात ठरावीक काम नसतं तेव्हा मेंदूचे काही भाग उलट जास्त जागे असतात. त्याला त्यांनी मेंदूचा ‘डिफॉल्ट मोड’ म्हटलं. जुन्या आठवणी उलगडणं, उद्याचं चित्र मनात रंगवणं, दुसऱ्याच्या मनात काय चाललं असेल याचा अंदाज बांधणं, ही कामं प्रामुख्यानं याच खात्याकडे.

आता गंमत बघा. ग्रॅहम वॉलस नावाच्या इंग्लिश विचारवंतानं १९२६ सालीच लिहून ठेवलं होतं, की नवी कल्पना चार पायऱ्यांनी येते. आधी तयारी, मग मुरवण, मग अचानक पेटणारी ट्यूब आणि शेवटी पडताळणी. यातली मुरवण सगळ्यात महत्त्वाची. लोणचं बरणीत घातल्या घातल्या बाहेर काढलं तर काय चव लागणार? आंघोळ करताना, भांडी घासताना, लोकलच्या दारात वारा खाताना भारी आयडिया सुचतात त्या याच मुरवणीतून.

आणि नेमकी हीच वेळ आपण विकून टाकलीय. लिफ्टची ४० सेकंदं, सिग्नलचं दीड मिनिट, चहा उकळेपर्यंतची चार मिनिटं, सगळीकडे मोबाइल. दिवसभरात बरणीचं झाकण लागतच नाही, मग मुरणार काय? हे मीटिंगमध्येही दिसतं. ‘आउट ऑफ द बॉक्स काहीतरी सांगा,’ असं बॉस म्हणतो आणि बाराच्या बारा जण टेबलाकडे बघत बसतात!

पंचेचाळीस मिनिटं आणि थोडी माती

‘हे सगळं मनाचे खेळ’ म्हणणाऱ्यांसाठी थोडा हिशेब. २०१६ साली फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल युनिव्हर्सिटीत गिरिजा कैमल यांच्या टीमनं १८ ते ५९ वयाच्या ३९ जणांना ४५ मिनिटं दिली. समोर माती, मार्कर पेनं आणि कोलाजचं सामान. जे हवं ते बनवा. आधी आणि नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडलेलं हार्मोन, मोजलं. साधारण ७५ टक्के लोकांचं कॉर्टिसॉल खाली आलं होतं. आणि ज्यांना कलेचा अनुभव होता नि ज्यांना बिलकूल नव्हता, अशा दोघांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. अभ्यास छोटा होता, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि पाव लोकांचं कॉर्टिसॉल खाली आलंच नाही, हेही सांगायला हवं. म्हणजे हे रामबाण औषध नाही. पण दखल घेण्यासारखं नक्की आहे.

दुसरा अभ्यास मला जास्त आवडला. न्यूझीलंडच्या ओटागो युनिव्हर्सिटीत टॅमलिन कॉनर यांनी ६५८ तरुण मुलामुलींना १३ दिवस रोजनिशी लिहायला लावली. आज काही क्रिएटिव्ह केलंत का? आज कसं वाटलं? २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार, ज्या दिवशी मुलांनी नेहमीपेक्षा जास्त काही घडवलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांना जास्त उत्साही वाटत होतं. उलटं मात्र दिसलं नाही. म्हणजे आज मूड छान आहे म्हणून उद्या काहीतरी बनवलं, असं होत नव्हतं. याचा अर्थ आपल्या भाषेत सांगायचा तर मूडची वाट बघत बसू नका! आधी हात चालवा, मूड मागून येतो. आणि ही मुलं करत काय होती? गाणी रचणं, लिहिणं, चित्रं काढणं, लोकर विणणं आणि हो, नवीन रेसिपी करून बघणं. फोडणीत काहीतरी वेगळं टाकून बघणारी तुमची आई या व्याख्येत चपखल बसते.

आणि माझ्या स्मरणचित्रांसाठी तर पुरावाच मिळाला. कॅनडातल्या वॉटर्लू युनिव्हर्सिटीत २०१६ साली असं आढळलं, की एखादा शब्द नुसता लिहून काढण्यापेक्षा त्याचं चित्र काढलं तर तो जास्त लक्षात राहतो. चित्र चांगलं आलं की वाईट, यानं काही बिघडत नाही. कारण चित्र काढताना आपण अर्थ लावतो, डोळ्यांसमोर आणतो आणि हात फिरवतो, तिन्ही एकदम.

‘पण मला कुठे येतं?’

मित्रमैत्रिणींना हे सांगितलं की तीन उत्तरं ठरलेली. येत नाही, वेळ नाही, वय गेलं.

‘येत नाही’चा निकाल वर लागलाच. काहींना डोळे मिटले की मनात चित्रच दिसत नाही. २०१५ साली ब्रिटनमधले मेंदूतज्ज्ञ अॅडम झीमन यांनी त्याला ‘अफॅण्टेशिया’ असं नाव दिलं. पण अशी माणसंही कल्पना करतातच. शब्दांतून करतात, आवाजांतून करतात, हातांतून करतात. तुम्हाला चित्र नाही जमलं तर दोन ओळी लिहा, ताल धरा, माती मळा.

‘वेळ नाही’ म्हणणाऱ्यांनी जयंत नारळीकरांचा किस्सा ऐकाच. १९७४ साली अहमदाबादच्या एका परिसंवादात भाषण फारच कंटाळवाणं चाललं होतं. नारळीकरांनी तिथल्याच कागदावर विज्ञानकथा लिहायला घेतली. ती कथा म्हणजे ‘कृष्णविवर’. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं पाठवली. आद्याक्षरं उलटी केली की झालं ज. वि. ना.! नावाचा दबाव नको म्हणून ही शक्कल. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. तेव्हा पुढच्या टाउनहॉलमध्ये तुम्ही काय करायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा!

आणि ‘वय गेलं’ किंवा ‘आपल्याकडे हे असलं नसतं’ म्हणणाऱ्यांनी जात्याकडे बघावं. पहाटे उठून दळण दळताना आपल्या आज्या-पणज्यांनी ओव्या रचल्या. माहेर, सासर, लेक, भाऊ, विठोबा, कष्ट, राग, सगळं त्यात. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हॅं यांनी सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्रातल्या गावोगावच्या अशा १ लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या डिजिटल संग्रहानं त्या आज सगळ्यांसाठी खुल्या ठेवल्यात, आवर्जून ऐका. त्या बायकांना वेळ होता का? अजिबात नाही. कुणी टाळ्या वाजवणार होतं का? शक्यच नाही. पण मनातलं जड काहीतरी जात्याच्या पाळीबरोबर बाहेर पडत होतं. ‘वेल-बीइंग’ हा शब्द तेव्हा कुणी ऐकलाही नव्हता.

एवढं लांब कशाला, आपली लोकल घ्या ना. सकाळच्या गाडीत टाळ कुटत भजन म्हणणारी ऑफिसवाली मंडळी तुम्हीही बघितली असतील. घामट गर्दी, एका पायावर उभं राहायचं आणि आवाज मात्र खणखणीत. उतरताना त्यांचे चेहरे आणि हेडफोनवाल्यांचे चेहरे एकदा शेजारी शेजारी ठेवून बघा.

लाइक्सचं लफडं

महिनाभरात वही अर्धी भरली. मावसभावानं ती चाळली आणि डोळे विस्फारून म्हणाला, ‘‘ताई, सॉलिड आहे हे! पेज काढ. रील्स टाक. मग कमिशन्स घे. साइड इन्कम सुरू!’’

त्याचं चुकलं नाही. आपल्या पिढीला तसंच शिकवलंय. केक छान जमला की होम बेकरी, फोटो छान आला की प्री-वेडिंग शूट्स, योगासनं जमली की ऑनलाइन बॅच. छंदाचा धंदा झालाच पाहिजे, नाहीतर तो टाइमपास! ज्यांना करायचाय त्यांनी जरूर करावा. मी मात्र नाही म्हटलं. आणि त्यामागे १९७३ सालचा एक प्रयोग आहे.

मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी नर्सरीतली अशी मुलं निवडली, ज्यांना स्केचपेननं चित्रं काढायला मनापासून आवडायचं. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर छानसं सर्टिफिकेट देऊ. काहींना काहीच सांगितलं नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात पुन्हा स्केचपेनं ठेवली. बक्षिसाच्या कबुलीवर चित्रं काढलेली मुलं आता बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रांत रमली. जे आवडीनं चाललं होतं, त्याचं ‘काम’ झालं होतं!

आपलं आख्खं ऑफिस याच बोलीवर चालतं. रेटिंग, इन्सेण्टिव्ह, अॅप्रेझल. दिवसातली २० मिनिटं तरी अशी हवीत, जिथे कुणी आपल्याला मार्क देत नाही. माझी वही त्यासाठी आहे.

एआय काढून देतो की!

हाही प्रश्न येतोच. एक वाक्य टाइप केलं की काही सेकंदांत चकाचक चित्र तयार. मग तासन् तास हात कशाला काळे करायचे?

मला वाटतं, इथे आपण दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतो. क्लायंटला प्रेझेण्टेशनसाठी चित्र हवंय, तर खुशाल मशीनकडून घ्या, मीही घेते. तिथे चित्र महत्त्वाचं. पण रात्रीच्या माझ्या वहीत चित्र हे निमित्त आहे. वॉचमनकाकांची मिशी आठवताना माझ्या डोक्यात जे काही होतं, ते मशीननं करून मला काय मिळणार? तुमच्याऐवजी दुसरा कुणी जिमला गेला तर तुमचं पोट कमी होतं का?

बंद डबा

आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. दुसऱ्या महिन्यात मी लागोपाठ तीन रात्री एकच विषय घेतला होता, ‘आमचं लंच टेबल’. तिसऱ्या रात्री तिन्ही पानं शेजारी शेजारी ठेवली आणि काहीतरी खटकलं. माझ्या समोर बसणाऱ्या मैत्रिणीचा डबा तिन्ही चित्रांत बंद होता. झाकण लावलेलं, चमचा वर तसाच.

दुसऱ्या दिवशी तिला बाजूला घेतलं. ‘‘अगं, तीन दिवस झाले, तू डबा उघडलेलाच नाहीयेस.’’

‘‘तू काय माझी सासू आहेस का?’’ ती हसली. आणि हसता हसता तिचे डोळे भरले.

तिची झोप दोन महिन्यांपासून उडाली होती. जेवण जात नव्हतं. घरी कळू द्यायचं नव्हतं आणि ऑफिसात सांगायची भीती. त्या दिवशी आम्ही लंच टाइमात खाली झाडाखाली बसलो. मी फार काही बोलले नाही. संध्याकाळी तिनं स्वतःच फोन लावून समुपदेशकाची वेळ घेतली. आता तिचे उपचार चालू आहेत आणि डबा उघडतो. कधी कधी माझ्या डब्यातलं भरीतसुद्धा पळवते!

मला सगळ्या संशोधनापेक्षा हे जास्त पटलं. कल्पनाशक्ती म्हणजे परी आणि राक्षस इतकंच नाही. समोरच्याच्या जागी स्वतःला उभं करून बघणं, हीसुद्धा कल्पनाच. आणि ती रोज घासली नाही तर तिलाही गंज चढतो.

हेही स्पष्ट सांगते. चित्र काढल्यानं टार्गेट कमी होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली ‘बर्नआउट’ची नोंद कामाच्या ठिकाणाशी जोडलेली अवस्था म्हणून केली, ती उगाच नाही. कामाचा बोजा हा कंपनीनंच सोडवायचा प्रश्न आहे, तो रंगपेटीवर ढकलू नका. म्हणून मी माझ्या मॅनेजरना सरळ सांगितलं, ‘‘सर, रोज नऊ ते नऊ वीस माझा फोन बंद असेल.’’

‘‘ठीक आहे. पण मंथ-एण्डला?’’

‘‘मंथ-एण्डला साडेनऊपर्यंत बंद असेल, सर.’’

दोन सेकंद शांतता... आणि मग ते हसले! आता टीममध्ये कुणीच मला त्या वेळात फोन करत नाही.

रविवारची धडधड पूर्ण गेली का? नाही. अजूनही येते. पण पूर्वी ती सोमवार सकाळपर्यंत मुक्काम ठोकायची, आता नऊ वीसपर्यंत आवरून निघते. मला तेवढं पुरतं. आणि दर बुधवारी लंचनंतर २० मिनिटं आम्ही पाच जण एका टेबलाला बसतो. एक कॉमिक काढतो, एक कागदाचे पक्षी घड्या घालून बनवतो. माझी ती मैत्रीण लिफ्टमध्ये भेटलेल्या अनोळखी माणसांची काल्पनिक चरित्रं लिहिते. गेल्या आठवड्यात आमचे व्हीपी तिच्या वहीत निवृत्त जादूगार झाले होते!

चार आठवड्यांचा सिलॅबस

* पहिला आठवडा : बघा. रोज रात्री दिवसभरात पाहिलेली एक गोष्ट आठवून काढा किंवा पाच ओळींत लिहा. बॉलपेन चालेल. खोडरबर नको. फोटो बघायचा नाही.

* दुसरा आठवडा : चाला. लंचनंतर १५ मिनिटं, फोन ड्रॉवरमध्ये. २०१४ साली स्टॅनफर्डमध्ये ओपेझो आणि श्वार्त्झ यांच्या प्रयोगांत बसून राहण्यापेक्षा चालताना लोकांना सरासरी ६० टक्के जास्त कल्पना सुचल्या. कोऱ्या भिंतीसमोर ट्रेडमिलवर चालूनही फायदा झाला! तेव्हा ‘आमच्याकडे बाग नाही’ ही सबब बाद.

* तिसरा आठवडा : ‘समजा’ म्हणा. समजा ही लोकल गोव्याला गेली तर? समजा माझी खुर्ची बोलायला लागली तर? किंवा एका विटेचे दहा उपयोग लिहा. पहिले पाच सगळ्यांचे सारखेच असतात, मजा सहाव्यापासून सुरू होते.

* चौथा आठवडा : वाटून घ्या. ऑनलाइन नको. एका माणसाला, समोर बसून वही दाखवा. ‘छान’ म्हणून घ्यायला नाही, गप्पा मारायला.

आणि एक महत्त्वाचं. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप-भूक उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर वहीवर विसंबू नका. डॉक्टरांकडे जा. केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ हेल्पलाइनवर १४४१६ या नंबरला कधीही, फुकट बोलता येतं. मराठीतसुद्धा.

बाकी सामान काय लागतं? एक वही, एक पेन आणि बंद केलेला फोन. मुहूर्त बघू नका, सोमवारची वाट तर मुळीच बघू नका. हा अंक मिटला की आज भेटलेल्या माणसांपैकी एकाचा चेहरा डोळ्यांसमोर आणा. जिथे गाडी अडेल, तिथे उद्या नीट बघा.

चला, पेपरची वेळ सुरू झाली!